विहीर एक की दोन

गुरुवारी दुपारी संघप्रिया कॉलेजातून घरी आली, दप्तर खाटेवर टाकलं आणि फोन उघडला, तर हेमीचं वाक्य येऊन पडलेलं होतं.

"आम्ही दोघी हिंदू आहोत."

खाली तीन फुलं, एक उंट आणि प्रश्न : "कसं आहे? रविवारी पाठवून देऊ ना?"

संघप्रियाने वाक्य दोनदा वाचलं, पाणी प्यायली आणि तिसऱ्यांदा वाचलं. त्यात एकच शब्द चुकीचा होता, पण सगळं वाक्य उभं होतं ते त्याच शब्दावर.

संघप्रिया टेंभुर्णे आरमोरीची, अकरावी सायन्सची. हेमी मेघवाड तिच्याच वयाची, पाकिस्तानात सिंधमधल्या उमरकोटजवळच्या एका गावातली. दोघींच्या घरांत सरळ रेषेत मोजलं तर अकराशे ऐंशी किलोमीटर. हे संघप्रियाने नकाशावर मोजून वहीत लिहून ठेवलं होतं. एकमेकांशी न पटणाऱ्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावणारा एक कार्यक्रम होता आणि त्यात यांची जोडी जानेवारीत लागली होती. प्रत्येक जोडीने मिळून एक निरीक्षण करायचं, शेवटी दोघींचं मिळून एकच पान द्यायचं, आणि त्या पानाच्या तळाशी एक वाक्य लिहायचं : आमच्यात सारखं काय आहे. वाक्य दोघींना मान्य हवं. ज्यांचं पान पूर्ण आणि वेळेत पोचेल त्यांना पुढच्या जानेवारीत श्रीलंकेत, कँडीला, दहा दिवसांच्या शिबिराला जायचं होतं. पानासोबत वडिलांच्या सहीचं संमतिपत्र लागत होतं आणि दोन्हीची मुदत रविवार संध्याकाळी सहापर्यंत होती.

संघप्रियाच्या बाबांनी सही केव्हाच करून ठेवली होती. हेमीच्या वडिलांनी मात्र अजून केली नव्हती. ते करणार होते, पण एका अटीवर. शिबिरात जोडीतल्या दोघींना एकाच खोलीत राहायचं होतं. सोबतची मुलगी हिंदू असेल तर जा, नाहीतर नको, असं त्यांनी हेमीला सांगितलं होतं. हेमीने लगेच कार्यक्रमाची छापील यादी दाखवली. यादीत लिहिलं होतं : संघप्रिया टेंभुर्णे, भारत, धर्म हिंदू.

आता ही भानगड नीट सांगायला हवी. संघप्रियाच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बुद्धपौर्णिमेला खीर, दर रविवारी विहारात वंदना. तिचे पणजोबा-पणजी छप्पन सालच्या ऑक्टोबरात चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून घरात दुसरा देव नाही. पण आजोबा वामनरावांनी तिच्या बाबांना शाळेत घातलं त्या काळी कागदावर 'बौद्ध' लिहिलं की दिल्लीच्या सवलती बंद व्हायच्या. म्हणून दाखल्यावर 'हिंदू महार' राहिलं. पुढे नियम बदलला. पण बापाच्या दाखल्यावरून पोरांचे दाखले झाले आणि जातीच्या पडताळणीत शब्द जुळायला हवेत म्हणून कुणी ते बदलायच्या फंदात पडलं नाही. कार्यक्रमाच्या मॅडमनी दाखल्याची झेरॉक्स मागितली, संघप्रियाने दिली आणि अशी ती यादीत हिंदू झाली.

यादी पाहून हेमीने पहिल्याच फोनवर उडी मारली होती. "मला वाटलं, मला भारतातली कुणीतरी मोठ्या शहरातली इंग्रजी बोलणारी मिळेल. तू तर आपलीच निघालीस!" तेव्हा संघप्रियाने काही सांगितलं नाही. विहिरीतलं पाणी मोजायला धर्म कशाला लागतो, असं तिला वाटलं होतं. मग महिने जात गेले, आणि जितके महिने गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं.

विहिरीतलं पाणी, हाच त्यांचा प्रयोग. दर रविवारी सकाळी आपापल्या गावच्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडायची, पाणी किती खाली आहे ते मोजायचं आणि तक्त्यात भरायचं. संघप्रिया मीटरमध्ये लिहायची. हेमी आधी पुरुसांत लिहायची. एक पुरुस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. संघप्रियाच्या आजीला हे माप ऐकून भलतंच बरं वाटलं होतं : "आमीबी असंच म्हनो. तीन पुरुस पानी." पण पुरुस केवढा, माणूस किती उंच, यावर दोन फोन गेले, आणि शेवटी हेमी मीटरवर आली.

हेमीच्या तक्त्यात मात्र पहिल्या आठवड्यापासून दोन रकाने होते. आमची विहीर आणि त्यांची विहीर.

"त्यांची म्हणजे मुसलमानांची?" संघप्रियाने विचारलं होतं.

"छे. ठाकुरांची."

"ठाकूर कोण?"

"हिंदूच आहेत. मोठे हिंदू."

"मग तू त्यांची विहीर कशी मोजतेस?"

"मी कुठे मोजते? मी तर दोरीलाही हात लावत नाही. ठाकुरांची एक मुलगी माझ्या वर्गात आहे, ती मोजते आणि मला आकडा सांगते."

"मग हे खाली लिहायला हवं. दोन विहिरींसाठी दोन निरीक्षक आहेत. चूक कुणाची किती, ते कळणार नाही."

"लिही बाई, लिही," हेमी हसून म्हणाली. "तुमच्याकडे वाघ आणि पाणी, आमच्याकडे साप आणि रेती. आणि तुला पडलीय चुकीची!"

मे महिन्यात दोन्ही देशांची विमानं उडाली तेव्हा एकोणीस दिवस हेमीकडून काही आलं नाही. गल्लीतल्या पोरांनी संघप्रियाला "पाकिस्तान काय म्हणते?" असं विचारून विचारून बेजार केलं. तिने स्वतःहून काही पाठवलं नाही. आपण पाठवलं तर हेमीला त्रास होईल की नाही पाठवलं तर वाईट वाटेल, हे तिला ठरवता आलं नव्हतं. विसाव्या दिवशी हेमीचाच निरोप आला : "तीन रविवार मोजता आलं नाही. शून्य लिहू का?" संघप्रियाने लिहिलं, "शून्य नको. शून्य म्हणजे दोरी सोडायची गरजच नाही, पाणी काठाशी. 'मोजलं नाही' असं लिही." लढाईबद्दल दोघी त्यानंतरही बोलल्या नाहीत.

असा सगळा मामला होता. आणि आता ऑगस्टातल्या या गुरुवारी ते वाक्य आलं होतं.

थोरला भाऊ धम्मदीप ब्रह्मपुरीला शिकायला होता, पण या आठवड्यात घरी आला होता. तो पडवीत पेपर वाचत बसला होता. संघप्रियाने त्याला फोन दाखवला.

"मंग? पाठवून दे ना," तो म्हणाला.

"दादा, हे खोटं आहे."

"खोटं कसं? दाखला काढून पाय. सरकारी शिक्का हाय त्याच्यावर. तू तोंडानं काहीच नाई बोलून राह्यली, कागद बोलून राह्यला."

"दाखला खोटा आहे."

"अवो हळू बोल! त्याच दाखल्यावर मायी अ‍ॅडमिशन हाय." मग पेपर खाली ठेवून म्हणाला, "पाय, नाई लिवलं त ती पोरगी घरीच बसते. दहा दिवसाचं हाय. तिथी जाऊन तिले आरामात सांग. कोनाचं काय गेलं?"

आजी बायनाबाई आत डाळीतले खडे निवडत होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही तिला भिंतीपलीकडचं ऐकू यायचं. विहारात गेले दोन महिने तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आपली नात लंकेला जाणार आणि तिथल्या बोधिवृक्षापुढे वाकून येणार. त्यामुळे ती काय म्हणेल, याचा संघप्रियाला अंदाज होता. अंदाज चुकला.

"मले कोनी इचारत काऊन नाई?" बायनाबाई आतून म्हणाली. "चांद्याले मी गेलती, तुमी नाई."

"तू किती वर्षांची होतीस, आजी?"

"आठ. मूल गावापासून बैलबंडीनं गेलतो. मले वाटलं जत्रा हाय. तिथी लोकंच लोकं, सगळे पांढऱ्या कपड्यात. मी मायले इचारलं, झुला कुठी हाय? त मायनं एक ठेवून देल्ली." ती हसली. "मंग समदे प्रतिज्ञा म्हनाले लागले. बावीस. मले एक येत नव्हती. मी नुसतं तोंड हालवलं."

"मग आता मी काय करू?"

"तू काय करून राह्यली आठ मयने? तूबी तोंडच हालवून राह्यली." आजीने खडा दाराबाहेर फेकला. "मी आठ वर्साची होती. तू सोळाची हायेस."

त्यात उत्तर होतं की नुसता टोमणा, हे संघप्रियाला कळलं नाही. आजी पुन्हा डाळीकडे वळली आणि धम्मदीप पेपरकडे.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या तासाला तिने करिश्माला सांगितलं. करिश्मा कुरखेड्याकडच्या एका गावातली, गोंड घरातली, आरमोरीत वसतिगृहात राहणारी. ब्युरेट धुता धुता तिने सगळं ऐकून घेतलं.

"मायाबी दाखल्यावर हाय," ती म्हणाली. "हिंदू गोंड. आमच्या घरी ये आन् कोनता हिंदू देव हाय ते मलेच दाखव. आमी सात देववाले. सारक्या देववाल्यात लगीन नाई होत आमच्यात."

"मग कुणी विचारलं तर तू काय सांगतेस?"

"जो इचारते त्यावर हाय. हापिसातल्या बाबूनं इचारलं त कागदावरचं सांगते. मामाच्या गावी म्हातारीनं इचारलं त सात देव सांगते. म्हातारीले खोटं सांगितलं त घोटाळा होते. मंग लग्नच चुकीच्या घरी जुळते." तिने ब्युरेट दिव्याकडे धरून पाहिली. "तुयी ती हेमी कोन हाय? बाबू का म्हातारी?"

संघप्रियाने दुसरी ब्युरेट धुवायला घेतली. हा प्रश्न सोपा असायला हवा होता.

शनिवारी दुपारी तिने हेमीला व्हिडिओ कॉल लावला. हेमी गावाबाहेर एका काटेरी झाडाखाली बसली होती. तिच्या गावात रेंज तेवढ्याच जागी असायची. ओढणीने ऊन अडवत तिने फोन तोंडासमोर धरला होता. दोघी हिंदीत बोलायच्या. हेमीच्या हिंदीत उर्दू असायची आणि संघप्रियाच्या हिंदीत चांदा.

"वाक्य आवडलं नाही का?" हेमीनेच विचारलं. "दोन दिवस झाले."

"वाक्य चुकीचं आहे."

"कशात चुकलं?"

"मी हिंदू नाही."

हेमी खळखळून हसली. "मग काय, मुसलमान आहेस? बाबांना सांगू का, तुमच्या मुलीला पाकिस्तानातून श्रीलंकेत पाठवा, म्हणजे तिला एक मुसलमान मैत्रीण मिळेल?"

"बौद्ध."

"ते चीनकडे असतात ना?"

"इथेही असतात. आमच्या गल्लीत सगळेच आहेत." संघप्रियाने दाखला, आजोबा, छप्पन साली चांद्याला गेलेली आजी, असं सगळं क्रमाने सांगितलं. मनात जुळवून ठेवलं होतं तेव्हा ते सरळ वाटत होतं. सांगताना मात्र प्रत्येक वाक्याला 'पण' लागत होता.

हेमीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे आधी होतात. मग सोडलंत."

"हो."

"का?"

"तुझ्या तक्त्यात दोन विहिरी आहेत ना? त्यासाठी."

हेमीच्या तोंडावरची ओढणी वाऱ्याने उडाली. ती तिने सावरली नाही.

"तुला माहीत आहे, इथे आम्हाला धर्म बदला म्हणून सांगणारे किती येतात? तुम्ही जिकडे गेलात तिकडचे नाही, दुसरे. बदला, सगळं सोपं होईल म्हणतात. माझे बाबा मिस्त्री आहेत. लोकांच्या भिंती बांधताना दिवसभर हेच ऐकतात. आणि बदलत नाहीत. ठाकूर आम्हाला हिंदू मानत नाहीत तरी बाबा म्हणतात, मी आहे. घरोघर माणसं मोजणारे खानेशुमारीवाले आले तेव्हा त्यांच्या कागदावर हिंदूंचा खाना वेगळा आणि आमच्यासारख्यांचा वेगळा होता. गावातले काही म्हणाले, आपला वेगळा लिहा, आपली गिनती होईल. बाबा भांडले, म्हणाले, हिंदू लिहा. चुलत्यांशी बोलणं तुटलं त्यावरून. आणि तू मला सांगतेस की, सोडून दिलं, बरं झालं."

"बरं झालं असं मी म्हटलं नाही."

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

संघप्रियाने स्क्रीनच्या कोपऱ्यात आपलं तोंड पाहिलं. तिला त्यावर काहीच दिसलं नाही. आपल्या घरात जी गोष्ट सांगताना माणसं ताठ बसतात, तीच गोष्ट या मुलीच्या घरात हार म्हणून ऐकली जाते. आणि दोन्ही घरांत राग एकाच विहिरीचा आहे. मग यात चूक कोणती? तिला बीजगणितासारखी दोन्ही बाजूंची चिन्हं तपासावीशी वाटली.

"आठ महिने गप्प होतीस," हेमी म्हणाली. "अजून पाच राहिली असतीस. तुझं काय जात होतं?"

"तू बाबांना सांगू नकोस मग. यादीत हिंदूच आहे."

"वा! कालपर्यंत मला माहीत नव्हतं. कालपर्यंत खोटं तू बोलत होतीस. आता मला माहीत आहे, म्हणजे आता खोटं मी बोलणार?"

हेमीने फोन खाली केला. क्षणभर नुसती रेती दिसली, मग तीही गेली.

"सांगितलं?" धम्मदीपने विचारलं.

"सांगितलं."

"गेलं मंग लंकेचं," तो म्हणाला. पण चिडवायच्या आवाजात म्हणाला नाही.

रविवारी सकाळी संघप्रिया विहीर मोजून आली. चार मीटर दहा. ओल्या हातांनीच तिने फोन पाहिला, तर हेमीच्या नंबरावरून आवाजी निरोप आला होता. आवाज हेमीचा नव्हता. पुरुषाचा होता, जाडा आणि सावकाश. मागे कुठेतरी बकरी ओरडत होती.

"बेटी, नमस्कार. मी हेमीचा बाप, चेतन. हेमीने सांगितलं. तुझ्या घरात तुझी आजी आहे म्हणे, त्या दिवशी तिथे गेलेली. माँजींना माझं एक विचारणं आहे. तुम्ही सोडलंत, ते ठीक, तुमचं तुम्ही जाणा. पण त्यानंतर विहीर एक झाली का? एवढंच सांगा."

बायनाबाईने तो निरोप तीनदा लावायला सांगितला. शब्द तिला पहिल्याच वेळी कळले होते. ती आवाज ऐकत होती.

"चांगल्या घरचा हाय," ती म्हणाली. "सांग त्याले, नाई झाली."

"नाही झाली?"

"चांद्याहून आलो त्याच हप्त्यात मायनं घरातले देव नदीत सोडले. विहीर त तिथीच होती. मालकीन काठावर उभी राहून आमाले वरून पानी वाढे, पयले बी आन् मंग बी. मंग आमच्या लोकाईनं आपली येगळी विहीर खंदली. पानी चांगलं लागलं तिले."

"मग एक कधी झाली?"

आजीने डोळे बारीक केले. "मी लगीन होऊन आरमोरीले आली. मंग गावोगाव नळ आले. आता विहिरीवर जाते कोन? तूच जाते, दोरी घेऊन."

संघप्रिया वही उघडून बसली. तिला उत्तर अचूक द्यायचं होतं, आणि अचूक उत्तर कोणतं तेच सापडत नव्हतं. धर्म बदलला, शाळा आल्या, कायदे आले, नळ आले. सगळं त्याच वर्षांत पुढेमागे. कशामुळे काय झालं हे पाहायचं तर एखादं असं गाव हवं, जिथे सगळं तसंच आणि फक्त एक गोष्ट वेगळी. असं गाव तिला माहीत नव्हतं. मग तिच्या मनात आलं, हेमीचं गाव तसं आहे का? तिथे तर त्यांनी सोडलं नाही. पण तिथे देशच वेगळा. म्हणजे तेही जमत नाही.

"आता कुणी पाणी वरून वाढत नाही ना?" तिने विचारलं. "एवढं तरी पक्कं सांगू?"

"नाई वाढत," आजी म्हणाली. "वाढून त पाहो म्हना! मानसात फरक पडला आता."

धम्मदीप दारात उभा राहून चपला घालत होता. तो घालता घालता थांबला.

"सांगतच हाय त समदं सांग," तो म्हणाला. "ब्रह्मपुरीले मी रूम पाहाले गेलतो, तवाचं."

"काय झालं होतं?"

"बाई चांगली होती, चाय देल्ली. आडनाव इचारलं, मी टेंभुर्णे सांगितलं. तिले अंदाज नाई आला. मंग गोड आवाजात इचारते, बेटा, तुमच्याकडे कोनता सन मोठा करता? मी म्हनलं, चौदा एप्रिल. मंग तिले एकदम आठवलं का रूम आदीच कोनाले देल्ली हाय."

बायनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. "हे घरी काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगाचं त्यात? दुसरी भेटली ना रूम."

आता हेही पाठवायचं का? संघप्रियाने पेन टेकवलं आणि उचललं. हे पाठवलं तर हेमीचे वडील म्हणतील, मग सोडून काय मिळवलंत? नाही पाठवलं तर आठ महिन्यांचं तोंड हलवणं आजपासून पुन्हा सुरू. आणि खरं सांगायचं तर तिलाही आता तोच प्रश्न पडला होता, काय मिळवलं? आजीला विचारावं म्हणून तिने मान वर केली. आजी ताठ बसली होती, त्या दिवसाची गोष्ट सांगताना बसायची तशीच. रूमची गोष्ट ऐकूनही तशीच. संघप्रियाने विचारलं नाही.

तिने चार मिनिटांचा निरोप बोलून पाठवला. विहीर, नदी, नळ, रूम, सगळं. शेवटी म्हणाली, "काका, विहीर एक झाली नाही, विहिरीची गरज संपली. ती कशामुळे संपली हे मला सिद्ध करता येत नाही. आजी म्हणते, माणसात फरक पडला. तो मोजायचा कसा, ते मला येत नाही."

बारा वाजले, तीन वाजले. उत्तर आलं नाही. पाच वाजता हेमीने लिहून पाठवलं : "वाक्य तू लिही. काहीही लिही. बाबा सकाळपासून गप्प आहेत. मी काही विचारत नाही."

संघप्रियाने लिहिलं : "आम्ही दोघींनी विहिरीचं पाणी दोरीने मोजलं."

"हे काय वाक्य आहे?"

"खरं आहे."

"खरं नाही. माझ्या अर्ध्या नोंदी ठाकुरांच्या मुलीच्या आहेत. शिकवलंस तूच आणि विसरलीस तूच."

संघप्रियाने कपाळाला हात लावला. मग लिहिलं : "आम्ही दोघींनी विहिरीचं पाणी दोरीने मोजलं, जिथे दोरीला हात लावता आला नाही, तिथे विचारून लिहिलं."

"लांब आहे," हेमीचं आलं. आणि मिनिटाने : "चालेल."

पान गेलं. पावणेसहा झाले. कार्यक्रमाच्या साइटवर हेमीच्या संमतिपत्राच्या रकान्यासमोर 'प्रतीक्षेत' एवढंच दिसत होतं. बायनाबाई नातीच्या शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती स्क्रीनकडेच बघत होती.

सहाला सहा मिनिटं असताना 'प्रतीक्षेत' जाऊन 'मिळालं' झालं आणि हेमीकडून फोटो आला. संमतिपत्र. खाली सिंधीत सही, वाळूचे दोन कण कागदाला चिकटलेले. संघप्रियाने ओरडून धम्मदीपला हाक मारली आणि तेवढ्यात हेमीचा फोनच आला.

"झाली सही!" हेमी धापा टाकत होती, घरून झाडापर्यंत पळत आली असावी.

"कशी काय? काय म्हणाले?"

"तुझं सगळं ऐकलं. रूमचं दोनदा ऐकलं. मग म्हणाले, त्या मुलीने स्वतःच्या घराची बाजू धरली नाही. मग दुपारभर भिंतीला टेकून बसले. मला वाटलं संपलं. आणि आता उठून म्हणाले, जा. तिच्याच खोलीत राहा. दहा दिवस बघ आणि मला येऊन सांग."

"काय बघ?"

"तेच तर. मी विचारलं, काय बघू? तर म्हणाले, ती कशी राहते ते बघ."

"म्हणजे काय? कशी जेवते? कशी पूजा करते? आम्ही पूजा करत नाही."

"मला काय माहीत? तू सायन्सवाली आहेस."

"त्यांना आमचं बरोबर वाटलं की चूक?"

"विचारलं नाही. विचारलं असतं तर सही मागे घेतली असती." हेमीचा राग गेला होता की नुसता बाजूला ठेवला होता, ते आवाजावरून कळत नव्हतं. "प्रिया, मी अजून तुझ्याशी नीट बोलत नाहीये हं. पण येते आहे."

"ये."

बायनाबाईने नातीचा हात ओढला. "काय म्हनते तो? पाठवते का नाई?"

"पाठवतो म्हणाले, आजी."

"मंग अशी काऊन बसली? काऊन पाठवते ते सांगितलं का त्यानं?"

"मी कशी राहते ते बघायला."

"घ्या!" धम्मदीप दारातून म्हणाला. "आता रोज आंघोळ करा लागन."

फोनवर हेमीला ते ऐकू गेलं असावं, किंवा नसेलही. ती म्हणाली, "एक लक्षात ठेव. मुद्दाम चांगली वागू नकोस. नेहमी राहतेस तशीच राहा. नाहीतर माझी नोंद चुकेल."

"हो," संघप्रिया म्हणाली. फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. आपण नेहमी कशा राहतो, हे तिला काही केल्या आठवेना.